विषय क्रमांक ३१: शाळेमागची बंदिस्त गटार

सभेची नोटीस घेऊन शिपाई येतो तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी असतात, विषयपत्रिका आणि पोचवही. पोचवहीत सही करून द्यायची. साध्या सभेला सात पूर्ण दिवस आणि विशेष सभेला तीन पूर्ण दिवस आधी नोटीस मिळाली पाहिजे, असं १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आहे. बहुतेक सदस्य तारीख न टाकताच सही ठोकतात. मी तारखेसोबत वेळही टाकायचो. शिपाई म्हणायचा, "अण्णा, तुमच्या सहीला लई टाइम लागतो."

नोव्हेंबर २०१६ मध्ये मी आमच्या क वर्ग नगरपरिषदेवर निवडून आलो. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत म्हणून क वर्ग. नोटाबंदी नुकतीच झालेली, पाचशेची नोट कुणी हातात घेईना अशा दिवसांतला तो प्रचार. त्या खेपेला प्रभाग दोन सदस्यांचे होते आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून. माझा व्यवसाय छापखान्याचा. नगरपरिषदेची घरपट्टीची बिलं, पावतीपुस्तकं, कोंडवाड्याच्या पावत्या वर्षानुवर्षं आमच्याकडे छापल्या जात. अर्ज भरण्याआधी ते काम सोडलं, कारण नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर उमेदवारीही धोक्यात आणि निवडून आल्यावर सदस्यत्वही. घरात यावर बरीच चर्चा झाली. चर्चा म्हणजे बायको बोलली, मी ऐकलं.

मतदाराच्या लेखी नगरसेवक म्हणजे काम करून देणारा माणूस. लाइट गेली, नळाला पाणी आलं नाही, कुत्रं चावलं, दाखला अडला की फोन. ही कामं मीही केली, पण त्यांना सदस्य असण्याची गरज नसते. चार कर्मचाऱ्यांशी बोलणं-चालणं असलेला कुठलाही माणूस ती करू शकतो. सदस्याला कायद्याने जे मिळतं ते एवढंच: सभेत बसायचं, विषय ठेवायचा, हो किंवा नाही म्हणायचं, आणि ते कागदावर आलं का ते बघायचं. हे शेवटचं सगळ्यात कमी लोक करतात. ते किती महत्त्वाचं आहे हे मला एका गटारीने शिकवलं, म्हणून तिची गोष्ट सांगतो.

आमच्या प्रभागात शाळेच्या मागे एक बोळ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात तिथल्या लोकांनी सह्यांचा अर्ज दिला, की घरात पाणी शिरतं, गटार करून द्या. बघायला गेलो तेव्हा एक आजी दारात विटा रचत होत्या. उंबऱ्याच्या पुढे वीतभर उंचीचा विटांचा बांध, त्यावर सिमेंटचं रिकामं पोतं, पोत्यावर आणखी दोन विटा. दर जूनला त्या हे करतात आणि दिवाळीला काढतात. म्हणाल्या, "लग्न होऊन आले तवा दोन पायऱ्या चढून घरात यायचे. आता एक पायरी उतरून येते."

घर खचलं नव्हतं, रस्ता वर आला होता. आधी मुरूम, त्यावर डांबर, मग काँक्रीट, मग कुणाच्या तरी कारकिर्दीत पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा. उकरून काढायचं तर खर्च वाढतो आणि उकरलेलं न्यायचं कुठे हा प्रश्न येतो, म्हणून अंदाजपत्रकात ती बाबच धरत नाहीत. गावोगावच्या बोळांत जोती खाली आणि रस्ता वर का दिसतो, त्याचं कारण हे एवढंच आहे. रस्त्याची कामं करून निवडून येणाऱ्या आम्हा लोकांनीच लोकांच्या घरात पाणी सोडलंय, पण हे प्रचारात कुणी बोलत नाही.

बांधकाम विभागात एक तरुण कनिष्ठ अभियंता नुकता आला होता. त्याला म्हटलं, टेप लावून लांबी मोजू नकोस, आधी लेव्हल काढ. तो तिवई आणि जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, म्हणजे डंपी लेव्हल, घेऊन आला. शाळेचा एक पोरगा पट्टी धरून उभा. बोळातल्या लोकांना वाटलं रस्ता मोठा करायला आले, दोन बाया भांडायला बाहेर आल्या. लेव्हल घेतल्यावर अभियंता पोरगा म्हणाला, "अण्णा, गटार करायला अडचण नाही. पण पाणी सोडायचं कुठं? उतार उलट्या बाजूला आहे."

म्हणजे पाणी आमच्या प्रभागातल्या मोठ्या गटारीला जाणार नव्हतं. ते शेजारच्या प्रभागातून नाल्याला न्यावं लागणार होतं, आणि तिथले दोन्ही सदस्य समोरच्या गटाचे. त्यातल्या एकाला भेटलो. माणूस चांगला, शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होता. तो म्हणाला, "तुझ्या लोकांचं पाणी माझ्या लोकांच्या दारात का?" त्याचंही बरोबर होतं. शेवटी असं ठरलं, की पहिल्या टप्प्यात बोळातली बंदिस्त गटार करून ती त्याच्या प्रभागातल्या उघड्या गटारीला जोडायची, आणि दुसऱ्या टप्प्यात ती उघडी गटार नाल्यापर्यंत बंदिस्त करायची. तोंडी ठरलं. मी ते माझ्या वहीत लिहून ठेवलं, त्याने मान हलवली.

अंदाजपत्रक सात लाखांच्या आसपास गेलं. त्या काळात तीन लाखांच्या वरच्या कामाला ई-निविदा लागायची, म्हणून कार्यालयातून लगेच प्रेमाचा सल्ला आला, "अण्णा, तीन तुकडे करू. लवकर होईल." तुकडे पाडणं ही सगळीकडची रीत. एकच रस्ता, पण 'अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर' अशी त्याची तीन कामं. ठेकेदार ओळखीचा, काम महिन्यात. पण गटारीचे तीन तुकडे तीन जणांनी केले तर उतार कोण सांभाळणार? मधल्याने दोन इंच वर ठेवलं की पाणी मागे. मी नको म्हटलं. त्या 'नको'ची किंमत पुढे वेळात मोजली. तुकडे केले असते तर ते काम माझ्या दुसऱ्याच वर्षी संपलं असतं, हे मान्य करतो, आणि तरीही आज तसंच सांगेन.

मग पैसा. क वर्ग नगरपरिषदेच्या तिजोरीत काय असतं हे बाहेरून कळत नाही. जकात १९९९ साली गेली, तिच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान येतं आणि ते बहुतेक पगारात जातं. स्वतःचं म्हणाल तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली. त्यातून लाइटचं बिल आणि पाणीपुरवठ्याच्या मोटारी चालतात. त्यामुळे कुठलंही नवं काम म्हटलं की सरकारी निधीच्या कुठल्या शीर्षाखाली बसवायचं हाच पहिला प्रश्न: वित्त आयोग, नगरोत्थान, दलित वस्ती, रस्ता अनुदान. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. आमची गटार चौदाव्या वित्त आयोगात बसवायची ठरली.

फेब्रुवारीच्या शेवटी अर्थसंकल्पाची विशेष सभा असते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'इतक्या लाखांचा शिलकी अर्थसंकल्प, कोणतीही करवाढ नाही' अशी बातमी येते. पुस्तिका उघडून पाहिली तर जमेच्या बाजूला जी मोठी रक्कम दिसते तिच्यातला बराच भाग अजून न आलेल्या अनुदानांचा असतो. ते आलं तर खर्च, नाही आलं तर पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तोच आकडा. महिला व बालकल्याणाचे पाच टक्के आणि दिव्यांगांचे पाच टक्के कागदावर असतातच. ते मार्चपर्यंत खर्च झाले का, हे विचारायची सभा मात्र मार्चमध्ये नसते. मी त्या सभेत दिव्यांगांच्या निधीबद्दल विचारलं तेव्हा लेखापालाने दिलेलं उत्तर सरळ होतं: यादीच तयार नाही, मग वाटायचे कुणाला? यादी का नाही, तर नोंदणीचे अर्ज एका कपाटात आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या लिपिकाकडे. कुलूप तोडायला ठराव लागत नाही, एवढं मी बोललो. कपाट त्या आठवड्यात उघडलं.

आता सभा. विषयपत्रिकेवर चौतीस विषय आणि आमची गटार एकतिसावी. विषयपत्रिकेत प्रत्येक विषय एका ओळीचा असतो: 'अमुक कामास प्रशासकीय मान्यता देणेबाबत.' त्या ओळीमागे विभागाची टिपणी असते, तिच्यात रक्कम, कारण, आधीचा पत्रव्यवहार. टिपण्या सदस्यांना घरपोच येत नाहीत, मागाव्या लागतात. मी सभेच्या आधी कार्यालयात जाऊन बसायचो आणि टिपण्यांचा गठ्ठा वाचायचो. प्रूफ वाचायची तीस वर्षांची सवय, त्यामुळे कंटाळा येत नसे. सभा लिपिक बाई सुरुवातीला साशंक असायच्या, नंतर चहा मागवायला लागल्या.

सभेच्या आदल्या रात्री गटाची बैठक. खरं काय ते तिथेच ठरतं. गटनेता विषयपत्रिकेवर खुणा करतो, हा घ्यायचा, हा तहकूब, याच्यावर त्यांना बोलू द्यायचं. सभागृहात दुसऱ्या दिवशी जे दिसतं ते या रात्रीचं नाटक. नवीन सदस्याला हे पचायला वेळ लागतो. मलाही राग यायचा, पण हळूहळू कळलं की आदल्या रात्री टिपणी वाचून आलेला माणूस एकटा असला तर बाकीच्यांना त्याचं ऐकावंच लागतं, कारण दुसऱ्या कुणाला आकडा माहीत नसतो.

सभेचा पहिला विषय कायम एकच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. "वाचलं असं समजा." "समजलो." "मंजूर." दहा सेकंद. मग खरेदी. पाणी शुद्ध करायची तुरटी, टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, पथदिव्यांचं साहित्य, घंटागाडीचे टायर. मग पंपाची मोटार रिवाइंडिंग, कार्योत्तर मंजुरी. कार्योत्तर म्हणजे मोटार जळली तेव्हाच दुरुस्त झाली, आता फक्त हात वर करा. याला माझी हरकत नसे. गाव पाण्यावाचून ठेवून सभेची वाट कोण बघेल? तुरटीचं मात्र मी विचारलं, मागच्या वर्षीपेक्षा इतकी जास्त का? पाणीपुरवठ्याचे अभियंता उठले, म्हणाले, यंदा नदीला गढूळपणा जास्त दिवस राहिला, आणि महिन्यावार वापराचा तक्ताच काढून दाखवला. जुलै-ऑगस्टचे आकडे बाकीच्या महिन्यांच्या कितीतरी पट. मी बसलो. अशा उत्तराने माणसाला बरं वाटतं. कुठल्याही नगरपरिषदेत असे दोन-तीन कर्मचारी असतात आणि त्यांच्यावरच सगळं चालतं.

नंतर आला चौकाच्या नामकरणाचा विषय. तुरटी, टायर, मोटार, सगळे मिळून वीस विषय पंधरा मिनिटांत झाले होते. चौकाने दोन तास घेतले. एका गटाचं एक नाव, दुसऱ्याचं दुसरं, कुणी म्हणालं कमान बांधा, कुणी म्हणालं फलकाचा रंग कुठला ते आत्ताच ठरवा. गॅलरी भरलेली. नगराध्यक्षा वहिनींनी शेवटी विषय तहकूब केला आणि सगळे जेवायला उठायच्या घाईला आले. एकतिसावा विषय अर्ध्या मिनिटात. "शाळेमागची गटार?" "मंजूर." सूचक मी, अनुमोदक प्रभागातल्या माझ्या जोडीदार ताई. दुसऱ्या टप्प्याचं वाक्य ठरावात घ्या, असं मी उभं राहून सांगितलं. हो हो, घेतो, असं उत्तर आलं.

चौतीस संपले आणि मग 'ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.' अर्धे सदस्य जिन्यात होते. त्यात आठवडी बाजाराच्या वसुलीच्या ठेक्याला आहे त्याच दराने मुदतवाढ द्यायचा विषय निघाला. विषयपत्रिकेत तो नव्हता, टिपणी नव्हती. मी आणि आणखी चार जणांनी विरोध केला, फेरलिलाव करा म्हटलं, मोठ्याने म्हटलं. सभा संपली.

पुढच्या सभेआधी नेहमीप्रमाणे कार्यालयात बसलो आणि इतिवृत्ताचा मसुदा मागून घेतला. मुदतवाढीचा ठराव असा होता: 'सदर विषयावर सभागृहात साधक-बाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.' पाच माणसांचा विरोध साधक-बाधक या जोडशब्दात जिरला होता. गटारीचा ठराव पाहिला. मंजुरी होती, दुसऱ्या टप्प्याचं वाक्य नव्हतं.

सभा लिपिक बाईंवर मी ओरडलो नाही, त्यांच्यापुढे जे येतं ते त्या लिहितात. मुख्याधिकारी साहेबांना लेखी पत्र दिलं: अमुक सभेत अमुक विषयास आम्ही पाच सदस्यांनी विरोध केला असून तो नावानिशी नोंदवावा, आणि ठराव क्रमांक अमुकमध्ये अमुक वाक्य समाविष्ट करावं. पत्र आवक विभागात दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. नगरपरिषदेत आवक शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र म्हणजे बोलणं. पुढच्या सभेत 'वाचलं असं समजा'च्या आधी मी उभा राहिलो आणि इतिवृत्त वाचायला लावलं, सगळं. लोक कंटाळले, एक जण झोपला, पण विरोध नावानिशी आला. गटारीच्या ठरावात मात्र 'दुसरा टप्पा निधी उपलब्धतेनुसार घेण्यात यावा' एवढंच वाक्य घातलं. निधी उपलब्धतेनुसार हे शब्द ज्याने पहिल्यांदा लिहिले त्याला सरकारी मराठीचं पेटंट द्यायला हवं.

मुदतवाढीच्या ठरावाविरुद्ध आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली अर्ज केला. या कलमाने जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. अर्जासोबत विषयपत्रिका जोडली, ज्यात तो विषय नव्हता, आणि आवक शिक्क्याचं पत्र जोडलं. सुनावण्या पुढे ढकलल्या जात राहिल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, बाकावर बसायचं, साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकून परत यायचं. वकील न लावता गेलो होतो. शेवटी स्थगिती मिळाली आणि ती मिळायला तेवढे दोनच कागद पुरले. फेरलिलावात बोली आधीपेक्षा चढी गेली. त्या ठेकेदाराचा भाऊ आजही माझ्याशी बोलत नाही.

गटारीचं पुढचं फारसं वेगळं नाही. तांत्रिक मान्यता झाली. पहिल्या निविदेला लागतात तेवढे तीन जण आले नाहीत, म्हणून पुन्हा काढली. दुसऱ्या वेळी एकाने चांगलीच कमी दराने भरली. बिलो भरलेलं काम म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ठेकेदार ते पैसे कुठून तरी काढणारच, आणि बहुतेक वेळा सिमेंटमधून काढतो. कार्यादेश निघायच्या आत १० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती संपली तर पाऊस. पाऊस संपत आला तर २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता. बोळातली पोरं मला बघून "आचारसंहिता आली, आचारसंहिता आली" असं ओरडायची. आजींनी त्या जूनलाही विटा रचल्या.

काम सुरू झालं ते २०१९ च्या दिवाळीनंतर. पेव्हर ब्लॉक उचलून खोदताना तीन थर निघाले, वरचा काँक्रीटचा, मधला डांबराचा आणि खाली चांगला जुना मुरमाचा. अभियंता पोरगा रोज सकाळी लेव्हल घेऊन हजर. मीही दुकान उघडायच्या आधी चक्कर मारायचो. एकदा ठेकेदाराच्या मुकादमाने तळाच्या काँक्रीटमध्ये सळई टाकायच्या आधीच ओतायला घेतलं होतं, पोराने ते थांबवलं, मी फक्त शेजारी उभा होतो. सदस्याने अशा वेळी शेजारी उभं राहावं, ठेकेदाराशी बोलू नये, हे मला एका जुन्या सदस्याने सांगितलेलं. बोललं की त्याचा अर्थ बाजारात वेगळा लागतो. मोजमाप पुस्तिकेत रोजची मोजमापं चढली. फेब्रुवारी २०२० मध्ये झाकणं बसली.

मार्चपासून करोना. सभा मोबाइलवर आल्या. कुणाचा आवाज नाही, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, आणि नेटवर्क गेलेल्या सदस्याची संमती गृहीत. त्या वर्षभरातल्या ठरावांबद्दल मी काही म्हणणार नाही, कारण सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी आणि विलगीकरण कक्षाचं जेवण यापलीकडे कुणाचं डोकं चालत नव्हतं. २०२० च्या पावसाळ्यात बोळात पाणी शिरलं नाही. पण ते पुढच्या प्रभागातल्या उघड्या गटारीत जोरात जाऊ लागलं आणि तिथल्या कोपऱ्यावरच्या दोन घरांपुढे तुंबलं. माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन आला. वही काढून दाखवायची गरज नव्हती, ठरावात वाक्य होतं. पण निधी उपलब्ध नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये आमची मुदत संपली आणि प्रशासक आले. आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबत गेल्या. या काळात ठराव थांबले होते असं नाही. प्रशासक ठराव करतात. तेच पीठासीन, तेच सदस्य, विषय ठेवणारं कार्यालयही त्यांचंच. विरोध नाही, तहकूब नाही, चौकाच्या नामकरणावर दोन तास नाहीत. काही कामं भराभर झाली, हे खरं आहे. पण टिपणी बघायला गेलो तर नव्या लिपिकाने विचारलं, "आपण कोण?" माजी सदस्य म्हणालो. माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणाला. केला. दुसऱ्या टप्प्याची फाइल कुठे आहे एवढाच प्रश्न होता. उत्तर आलं, की सदर कामाचे अंदाजपत्रक जुन्या दरसूचीप्रमाणे असल्याने नव्याने तयार करावे लागेल.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर निवडणुका झाल्या. मी उभा राहिलो नाही. छापखान्याला आता नगरपरिषदेची पावतीपुस्तकं पुन्हा घेता येतात, पण ते काम आता बहुतेक संगणकावर गेलंय. कोपऱ्यावरच्या त्या दोन घरांतल्या एका घरातली सून निवडून आली, समोरच्या गटाकडून. जानेवारीत तिने मला मोबाइलवर पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, यात आपली गटार दिसत नाही. पुढच्या सभेला ठेवायची तर काय करू?" मी तिला जुना ठराव क्रमांक कळवला आणि लिहिलं, की अर्ज आवकला दे, प्रतीवर शिक्का घे, आणि अभियंत्याला आधी नवी लेव्हल काढायला सांग, मधल्या काळात तिथेही पेव्हर ब्लॉक पडलेत.